अडून राहिलेल्या ओळी

तळं बुजवून त्यावर गोदामं उभी राहिली होती, त्यामुळे तळ्याचा गाळ आता नव्याने मिळणं शक्य नव्हतं. उरलेली शेवटची चिमूट तिने भट्टीच्या नळीत ठेवली. भट्टी तापत जाईल, गाळ जळेल, निघालेला वायू यंत्र मोजेल आणि कॉम्प्युटरवर एकेक ओळ उमटेल: तापमान किती, वायू किती. तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण या ओळींवर अडलं होतं.

सकाळी रिकाम्या नळीची चाचणी नीट झाली होती. फक्त ओळी पडद्यावरून वर सरकत गेल्या आणि प्रोग्रामची खिडकी बंद केल्यावर मागे काहीच उरलं नाही. म्हणून खऱ्या वेळी तिने प्रोग्राम सुरू करायच्या कमांडच्या शेपटीला ‘टी’ नावाची आणखी एक कमांड जोडली. प्लंबर पाइपला टी बसवून एका पाण्याला दोन वाटा करून देतो, तशीच ही. ओळी पडद्यावरही दिसणार, फाइलमध्येही उतरणार.

भट्टी तापू लागली. पडदा कोरा.

“बोलत नाही गं तुझं यंत्र,” भट्टी सांभाळणारे काका म्हणाले. त्यांचा हात बंद करायच्या बटणाजवळ होता. “रुसलंय की काय?”

तिने फाइल उघडून पाहिली. तीही रिकामी.

“दोन्हीकडे हवं होतं ना? घे, दोन्हीकडे ठणठणगोपाळ.”

“काका, जरा थांबा.”

“मी थांबेन, भट्टी थांबायची नाही. प्रोग्राम अडकला असेल तर गाळ फुकट जळतोय. आत्ता बंद केली तर थोडा तरी वाचेल.”

“आणि अडकला नसेल तर?”

“मग चालतं काम मोडलं म्हणून जन्मभर तुझे बोल खाईन.”

दुसऱ्या खिडकीत प्रोग्राम चालू दिसत होता. पण अडकलेला प्रोग्रामही तसाच दिसतो. तिने हात मांडीवर ठेवले. सकाळपासून बदललं काय? नळीत गाळ आला आणि कमांडला टी लागली. आत काय जळतंय याच्याशी प्रोग्रामला देणंघेणं नव्हतं. टीचं मात्र तसं नव्हतं. समोर पडदा असला की प्रोग्राम ओळ झाली की लगेच लिहितो. समोर टीकडे जाणारा पाइप असला की ओळी स्वतःजवळ साठवतो आणि गठ्ठा झाला की एकदम पुढे ढकलतो. हे तिने कधीतरी वाचलं होतं. पाहिलं नव्हतं.

“ओळी आहेत,” ती म्हणाली. “वाटेत तुंबल्यात.”

“नक्की?”

“नक्की नाही. पण राहू द्या चालू.”

काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि हात खिशात घातला. “उद्या तुझ्या गाइड मॅडमनी विचारलं तर मी इथे नव्हतो.”

“चालेल. सांगेन, काका चहाला गेले होते.”

“त्यांना ते पटेलही.”

भट्टीवरचा आकडा चढत राहिला. तिने चष्मा पुसला, घातला, पुन्हा पुसला. मग एकाएकी पडदाभर ओळी धो धो कोसळल्या आणि थांबल्या. फाइलमध्येही तितक्याच होत्या.

शेवटची ओळ मध्येच तुटली होती. तापमान पूर्ण, पुढे वायूच्या जागी नुसता चार.

काकांनी वाकून त्यावर बोट ठेवलं. “हे काय? चार, का चारशे?”

“पुढच्या गठ्ठ्यात कळेल.”

“म्हणजे परत वाट बघा.” त्यांनी स्टूल ओढलं. “सरक जरा. एवढं कळल्याशिवाय मी काही चहाला जात नाही.”