वरवरचं तेल

मी एक जुना शॉकप आहे, मित्रांनो. डोंगरवाटेच्या सायकलचं पुढचं चाक माझ्या दोन पायांत धरलेलं असतं. माझा प्रत्येक पाय म्हणजे नळीत सरकणारी नळी, आत हवा आणि थोडं तेल. वाटेतला दगड आपण सोसायचा, बसणाऱ्याच्या हातापर्यंत जाऊ द्यायचा नाही, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा!

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या नळ्यांत तोंड दिसायचं. घरही चांगलं मिळालं. घरच्या बाई डोंगरावरच्या पाण्याच्या टाकीवर कामाला. सकाळी सायकलने वर जाऊन त्यांनी व्हॉल्व्ह उघडला, की खाली नळांना पाणी यायचं. वाट सगळी दगडधोंड्यांची. उतरताना बाई गुणगुणायच्या, तेव्हा माझं काम चोख चाललंय हे मला कळायचं.

त्यांचे यजमान शिलाई मशीन दुरुस्त करतात. हलणारी वस्तू दिसली की त्यांचा हात तेलाच्या डबीकडे गेलाच. बिजागऱ्या झाल्या, कात्र्या झाल्या, मग माझी पाळी आली. रोज संध्याकाळी माझ्या नळ्यांवर तेल सोडून ते म्हणायचे, "बघ, कसा लोण्यासारखा चालतो!" त्यांना माझं कोण कौतुक! पण त्या तेलाला धूळ चिकटायची आणि माझ्या गळ्याच्या रबरी कड्यांतून आत उतरायची. आतलं तेल मात्र कुणी कधी बदललंच नाही.

हळूहळू मी आखडलो. दणके थेट बाईंच्या मनगटात जाऊ लागले आणि गुणगुणणं थांबलं. वळणावर उतरून त्या मनगट चोळायच्या, मग मनगटाला बांधलेला पट्टा लांब बाहीखाली लपवून घरी यायच्या. मला फार वाईट वाटायचं.

एकदा मी स्वयंपाकघराच्या दाराशी टेकून होतो. जेवताना बाई म्हणाल्या, "टाकीचं काम सोडावं म्हणते. ऑफिसात बसून करायचं काम देतायत."

"अगं, पण तुला तर वर जायला आवडतं!"

"आवडतं हो..." म्हणताना त्यांच्या हातून पेला निसटला. यजमानांनी बाईंची बाही वर सारली.

"हे कधीपासून?"

"बरेच दिवस झाले. शॉकप दबतच नाही आता."

"मी रोज तेल घालतो त्याला!"

"म्हणून तर बोलले नाही. एवढ्या हौसेने करता, कशाला हिरमोड करायचा?"

यजमान पुढे जेवले नाहीत.

सुट्टीच्या दिवशी अंगणात जुनी चादर अंथरली. यजमान थेट पाना लावायला निघाले, तशा बाई ओरडल्या, "अहो, आधी हवा सोडा! तोंडावर उडेल काहीतरी." हवा गेली. खालचे बोल्ट सैल करून त्यांनी हलकेच ठोकलं, तसं माझ्या पायांतून काळंकुट्ट, धुळीने कचकचणारं तेल ओघळलं. यजमानांनी ते बोटांत चोळलं. "ही माझीच करामत," एवढंच म्हणाले. मग दोघांनी मला आतून पुसलं, नवी रबरी कडी बसवली, बेताचं तेल ओतलं, हवा भरली. एका नळीवर चरा पडला आहे. तो काही जाणार नाही.

आता मी पुन्हा दगड सोसतो. थकलो आहे, खोटं कशाला बोलू? पण बाईंनी टाकी सोडलेली नाही. संध्याकाळी यजमान मला कोरड्या फडक्याने पुसतात. हात सवयीने डबीकडे जातो, मागे येतो. मग ते आत हाक मारतात, "मनगट दाखव बघू."

मित्रांनो, कुणाची काळजी घेत असाल तर आत काय चाललंय तेही कधी विचारा. आणि दुखत असेल तर सांगत जा. मला तर तोंडच नव्हतं, पण बाईंना होतं.