नडगीखालचा हात

"इथं? का अजून खाली?"

"थोडं खाली."

"इथं ना?"

"हं."

मुंगी कुशीवर, उशीत तोंड खुपसून पडली होती आणि आईचे अंगठे तिच्या नडगीवरून वरून खाली, खालून वर फिरत होते. आई शर्टांच्या कारखान्यात तपासनीस होती. दिवसाला चारशे कॉलर तिच्या हाताखालून जात. एखादा टाका सुटला असेल तर डोळ्यांच्या आधी तो तिच्या बोटांना कळे. लेकीच्या हाडांतली कळही ती तशीच शोधी, सापडली की दाबून धरी. मुंगी "हं" म्हणाली की आईच्या जिवाला जरा थारा मिळे.

मुंगी आठ वर्षांची, दुखणं चार वर्षांचं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, शेकायला सांगितलं होतं आणि हे पुरतं जाणार नाही, कमीजास्त होत राहील, हेही समोर बसवून सांगितलं होतं. कमीजास्त होत राहील, मग आपण काय करायचं? नुसतं बसणं आईला जमणाऱ्यातलं नव्हतं. भाजी निवडता निवडता ती कपाट आवरायला घेई, ते अर्धं टाकून पलंगाशी येई, पाय दाबी. दाबण्याबद्दल डॉक्टरांना तिनं कधी विचारलंच नाही. ते काय औषध थोडंच होतं.

"अगं, टेक की जरा," बाबा म्हणत. ते लिफ्ट दुरुस्त करत, दुपारी चारच्या पाळीला जात. "तू थांबलीस तर घर नाही पडत."

"तुम्हाला काय जातं सांगायला. तुम्ही बसता पेपर तोंडासमोर धरून."

"बसतो खरा."

असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

त्या बुधवारी कारखान्याची वीज गेली आणि दोनलाच सगळ्यांना घरी सोडलं. दार नुसतं लोटलेलं होतं. मुंगीला कळ आलेली आहे, हे आईला तिच्या आवळलेल्या मुठींवरून उंबऱ्यातूनच समजलं. बाबा पलंगाच्या कडेला बसले होते. एक हात मुंगीच्या नडगीखाली उताणा आणि दुसऱ्या हातात पेन्सिल.

"चार अक्षरं. ज्याला कामधंदा नाही असा."

"बाबा," मुंगी दात आवळून म्हणाली.

"दोनच झाली. मोज."

मुंगीला त्यातही हसू आलं.

आईनं पिशवी दारातच टाकली. "अहो, पोर कळवळतेय आणि कोडी काय सोडवताय? दाबा तरी. सरका, मी दाबते."

मुंगीनं पाय आखडून घेतला. इतकासाच.

"काय गं?"

मुंगीनं बाबांकडे पाहिलं.

"तुझं तू सांग," ते म्हणाले.

"दाबलं की जास्त दुखतं."

"आज?"

"नेहमी."

"मग इतकी वर्षं 'हं' काय म्हणत होतीस?"

मुंगीनं नजर छताकडे वळवली. "दाबताना तू रडत नाहीस ना, म्हणून."

आई स्वयंपाकघरात गेली. तिनं ओटा पुसला, पुसलेलाच परत पुसला. बाबा मागे येऊन उभे राहिले.

"तुम्हाला कधी कळलं?"

"झाला महिना. म्हटलं, तिनंच तुला सांगावं."

"म्हणजे महिनाभर दाबू दिलंत मला."

 पाळीची वेळ झाली तेव्हा बाबांनी डबा आपला आपणच भरून घेतला आणि ते दार हळू ओढून गेले.

पाचच्या सुमारास पुन्हा कळ आली. आई गोळी देऊन, शेकायची पिशवी भरून पलंगाशी उभी राहिली. काही केल्या हातांना जागा सापडेना.

"बाबा ठेवतात तसा ठेवू?"

"ठेव. उताणा."

"दोन्ही ठेवू?"

"हं," मुंगी म्हणाली आणि लगेच आईकडे बघून पुढं बोलली, "खरंच हं."

आईनं एकेका नडगीखाली एकेक तळवा सरकवला. कळ चढत गेली तशी हाडं तळव्यांवर थरथरू लागली. तिचे अंगठे आपसूक वर आले. तिनं ते परत गादीवर टेकवले. ओट्याशी भांडी होती, दोरीवर कपडे होते. ती उठली नाही.

"आई."

"काय गं?"

"रडलीस तरी चालेल. फक्त हलू नकोस."

"नाही हलत," आई म्हणाली. गालावरून हनुवटीपर्यंत आलेलं पाणी तिनं पुसलं नाही. दोन्ही हात गुंतलेले होते.