गुलाबी चादरींची माफी

धुलाई कारखान्याचा मुकादम तोंडाचा भारी फटकळ, पण फोनवर कुणी इंग्रजीत बोललं की त्याची बोबडी वळायची. हॉटेलवाले थेट कारखान्यात फोन करू लागले, तशी मालकांनी सगळ्यांसाठी इंग्रजीची शिकवणी लावली. जेवणाच्या खोलीत खुर्च्या मांडून एक बाई शिकवायच्या.

त्या दिवशी बाईंनी जोड्या लावल्या आणि मुकादमाच्या वाट्याला नेमका लांब्या आला. मागे मुकादमानं न बघताच पांढऱ्या चादरींत लाल रुमाल ढकलले होते. ढीगभर चादरी गुलाबी झाल्या, आणि मालकांसमोर त्यानं बेधडक लांब्याचं नाव घेतलं. लांब्याचं मशीनवरचं काम गेलं. तेव्हापासून तो मागच्या दाराशी मळक्या कपड्यांची गाठोडी उतरवत होता.

"पाठीला पाठ लावून बसा," बाई म्हणाल्या. "फोनवर चेहरा थोडाच दिसतो! हे गिऱ्हाईक. चादरी खराब झाल्या म्हणून चिडलंय. तुम्ही माफी मागा."

लांब्यानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत तक्रार केली. मुकादमानं घसा खाकरला.

"आय ॲम व्हेरी सॉरी, सर. इट वॉज माय मिस्टेक."

कुठंही न अडखळता! बाई खूश झाल्या. त्यांनी त्याला तेच पुन्हा म्हणायला लावलं. टाळ्या पडल्या. त्या गलक्यात लांब्या पाठमोराच म्हणाला, "इंग्रजीत बरं जमतं, दादा."

मुकादमाचे कान तापले. मान वर करायचा धीर होईना.

चहाच्या सुट्टीत तो मालकांच्या खोलीत गेला. "मालक, त्या चादरी माझ्या हातून बिघडल्या होत्या. लांब्याचा काही दोष नव्हता."

"कुठल्या चादरी?" मालकांना आठवेचना. "बरं, जाऊ द्या. घ्या त्याला परत मशीनवर."

ज्यापायी एका माणसाचं काम गेलं, ते कुणाच्या लक्षातही नव्हतं. मुकादम आणखीच ओशाळला. तसाच मागच्या दाराशी गेला.

"मालकांना खरं सांगितलंय. उद्यापासून मशीनवर ये. आणि... चुकलं माझं."

लांब्यानं खांद्यावरचं गाठोडं खाली ठेवलं. "माझे वडील अजून म्हणतात, तुझंच कामात लक्ष नव्हतं. त्यांना सांगाल?"

मुकादम म्हणाला, "येतो."

काम सुटल्यावर तो लांब्याच्या मागोमाग, जरा अंतर ठेवून चालत गेला. दार म्हाताऱ्यानं उघडलं. पोराचे साहेब आलेले बघून त्याची धांदल उडाली. त्यानं स्वतःची खुर्ची पुढं केली, वर पंच्यानं पुसलीसुद्धा.

मुकादम बसला नाही. उभ्या उभ्याच सगळं बोलला, अडखळत, जमिनीकडं बघत.