ओट्यावरचं इंग्रजी

इंग्रजी शिकायची टूम नबीने काढली. राधाकिशनच्या डोक्यात ती कधी आलीच नसती. मराठी अक्षरं दोघांनी उतारवयातच गिरवली होती, प्रौढांच्या वर्गात शेजारी शेजारी बसून. यंदा ऐन उन्हाळ्यात एक दिवस नबी म्हणाला, "आता इंग्रजी तेवढी राहिली बे किशन, तीबी उरकून टाकू." राधाकिशन हसला आणि दुसऱ्या दिवशी सुनेपुढे जाऊन बसला.

सून रोहिणी शाळेत इंग्रजीच शिकवायची. दिवस कलला की ती ओट्यावर सतरंजी अंथरी आणि वडवणीहून नबीची फटफटी येई. नबी फळांचा व्यापारी. डोंगराच्या उताराला राधाकिशनची सीताफळाची बाग होती, तिची फळं वर्षानुवर्षं नबीच उतरवून नेई. कागद नाही, साक्षीदार नाही. फळांनी डोळे उघडले, म्हणजे खवल्यांमधल्या फटी पांढुरक्या दिसू लागल्या, की राधाकिशन पहिली पाटी भरून नबीच्या घरी नेऊन ठेवी. नबीची बायको आमिनाबी पाटीवर नवा रुमाल टाकी आणि त्याच्या हातात नारळ देई. तिथून पुढे त्या साली बाग नबीची. ही रीत त्यांच्या बापांनी घातलेली होती आणि ती मोडायचा विचार कोणाच्या मनात आला नव्हता. यंदा श्रावणात सटवा नावाचा माजलगावचा व्यापारी बांधावर आला, तर राधाकिशनने त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "बाग नबीची हाय." सटवा काही बोलणार होता, पण कपात बघत राहिला.

ओट्यावर रोहिणी सासऱ्याला सांगायची, "मामा, आपल्याकडं बघा. छोटा डबा. डबे वाढले की छोटे डबे. त्यांच्यात काही ठेवलं की छोट्या डब्यांमध्ये. 'छोटा' दर वेळी बदलला. इंग्रजीत तसं होत नाही. स्मॉल बॉक्स, स्मॉल बॉक्सेस, इन स्मॉल बॉक्सेस. 'मध्ये' आपल्यात मागं चिकटतं, त्यांचं 'इन' पुढं येऊन बसतं. अनेक झाले हे फक्त बॉक्सनं सांगायचं. स्मॉल आहे तसा राहतो."

राधाकिशनला हे पटत नव्हतं. तो हटकून म्हणे, "इन स्मॉल्स बॉक्सेस."

"मामा, स्मॉलला स लावायचा नाही."

"कावून न्हाई? डबे ढीगभर झाले आन् छोटा एकटाच? एका घरचे हायेत ना ते?"

"ते साहेबाचं काम हाय बे," नबी म्हणे. "मागं कितीबी गर्दी होऊ दे, साहेब खुर्चीवरून हलत न्हाई."

रोहिणीला हसू आवरत नसे. त्या दिवसापासून राधाकिशनच्या तोंडी मधला शब्द 'साहेब' झाला आणि त्याची चूकही सुटली.

मग ती दोघांना आपापली उदाहरणं करायला लावी. राधाकिशन अवतीभवतीचं घेई. अंडर बिग ट्रीज. ऑन व्हाइट बुलक्स. नबीचं मात्र सगळं धंद्याचं. इन स्मॉल बॉक्सेस. फ्रॉम इंडियन फार्म्स. फॉर न्यू कस्टमर्स.

"आपल्या बाजारात इंग्रजी बोलणारं गिऱ्हाईक कुठून येतंय बे?" राधाकिशनने विचारलं.

"पुण्या-मुंबईचे गाडीवाले थांबतेत की रस्त्याला."

राधाकिशनला ते खरं वाटलं. आपल्याच बागेतल्या फळांसाठी हा शिकतोय, या विचाराने तो सुखावला. मग तोही डोकं लावू लागला. औताला जाताना, भाकरी खाताना नबीसाठी शब्द जुळवी. एकदा भर दुपारी त्याने नबीला फोन लावला. "लिहून घे. विथ ब्लॅक सीड्स. काळ्या बियांचं. गिऱ्हाईक इचारतंच." नबीने पलीकडून ते पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाला, "लई भारी शोधलास." राधाकिशनने ते संध्याकाळी बायकोला, छबुबाईला, जेवताना दोनदा सांगितलं.

दसऱ्याच्या आधी फळांनी डोळे उघडले. राधाकिशनने निवडून निवडून पाटी भरली, धुतलेलं धोतर नेसला आणि जीपने वडवणीला गेला. नबीच्या अंगणात पाटी उतरवली आणि हाक मारली, "भाभी, बाग आली."

मग त्याचं लक्ष घराकडे गेलं. दारातली बाज दोरीने बांधून भिंतीला उभी केली होती. भांड्यांची पोती तोंडं शिवून ओळीने ठेवलेली. कोनाडे रिकामे. आमिनाबी बाहेर आली आणि पाटी बघून तिथेच थबकली. तिच्या हातात रुमाल नव्हता, नारळ नव्हता.

"भाऊ, तुमी पाटी आणली?"

"न्हाई तर काय, भाभी."

"यांनी तुमाला सांगितलं न्हाई?" तिने पदर तोंडाला लावला. "आमी आतिफकडं चाललो. मस्कतला. परवा मुंबईहून विमान हाय. तिथं फळांचं दुकान टाकलंय त्यानं. म्हणला, अम्मा, आता दोघंबी इकडंच राहा."

राधाकिशन पोत्यांजवळ टेकला. बऱ्याच वेळाने नबी आला, दोन्ही हातांत नव्या कोऱ्या बॅगा. राधाकिशनला बघून त्याने त्या तिथेच अंगणात ठेवल्या.

"कवा ठरलं?" राधाकिशनने विचारलं.

"उन्हाळ्यात."

"म्हंजी इंग्रजीच्या आधी."

नबीने मान डोलावली.

"मंग ते न्यू कस्टमर..."

"तिथले. काऊंटरवर मलाच बसायचंय. आतिफ म्हणला, अब्बा, दोन शब्द बोलता आले पायजेत."

"आन् मी तुला बिया शिकवत बसलो."

"तुझ्यामुळंच तर आलं बे. एकट्याला जमलं नसतं."

हे त्याने मनापासून म्हटलं, आणि तेच राधाकिशनला जास्त लागलं. आपण जुंपलेल्या बैलासारखे सहा महिने याच्या जोडीने चाललो आणि गाडी कुठे चालली ते आपल्याला कोणी सांगितलंच नाही, असं त्याला वाटलं.

"सांगितलं कावून न्हाईस?"

"तू जाऊ दिलं नसतंस."

"मी काय धरून ठेवणार होतो?"

"धरलं नसतंस. नुसतं बघितलं असतंस. आता बघायलास तसं. मंग माझा पाय निघाला नसता."

आमिनाबी चहा करते म्हणून आत गेली. आत चूल नव्हती, हे तिला आत गेल्यावर आठवलं असावं. ती परत आली नाही.

"बागेची फिकर करू नगं," नबी घाईने म्हणाला. "सटव्याशी बोलून ठेवलंय मी. परवा सकाळी टेंपो लावील. भावबी चांगला दील. तुला तरास नगं म्हणून..."

"सटव्याला म्हायती होतं?"

नबी बॅगेची चेन उघडत आणि लावत राहिला.

"आनखी कुनाला म्हायती हाय?"

"रोहिणीला," नबी खाली बघून म्हणाला. "दुकानाचं शिकवायचं तर तिला सांगावंच लागलं. मी तिला कसम घातलती. तिचा दोष न्हाई, किशन."

राधाकिशन उठला. पाटीची चुंबळ डोक्यावर ठेवली आणि पाटी उचलली. एकदा उतरवलेली पाटी त्या अंगणातून कधी परत गेली नव्हती. नबी आडवा आला, पण हात लावायचं धाडस त्याला झालं नाही. "ठेव की बे," तो म्हणाला. "निदान ती तरी ठेव." राधाकिशन त्याच्या बाजूने निघून गेला.

घरी आला तेव्हा रोहिणी सतरंजी अंथरत होती. सासऱ्याच्या डोक्यावर पाटी बघून तिचे हात थांबले.

"मामा, चाचा म्हणले होते, मी सोता सांगतो. रोज म्हणायचे, उद्या सांगतो."

"माझ्यापुढं बसून तू त्याला दुकान शिकवत होतीस," तो म्हणाला. "आन् मी शब्द पुरवत होतो. दोघं हसत असाल."

"नाही मामा. हसलो नाही कधी."

त्याने सतरंजीची घडी घातली आणि ती स्वतःच आत नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी घरात कामापुरतंच बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी सटव्याचा टेंपो आला. राधाकिशन बांधावर आडवा उभा होता.

"बाग कुनी दिली तुला?"

"नबीभाईनी. तुमचं बोलणं झालंय म्हणले."

"त्याची न्हाई ती. पाटी परत आलीय."

सटव्याला ती रीत ठाऊक होती. त्याने वाद घातला नाही, टेंपो मागे घेतला. राधाकिशनने कमरेला पंचा आवळला आणि स्वतःच तोडणी सुरू केली. पुष्कळ वर्षांत त्याने आपली बाग आपण उतरवली नव्हती. नबीची माणसं यायची, हा सावलीत बसून गप्पा मारायचा. आता पहिल्या झाडातच त्याचे खांदे भरून आले. थोड्या वेळाने छबुबाई आली, तिच्यामागून रोहिणीही सुट्टी टाकून आली. दोघी खालच्या फांद्यांना लागल्या.

ऊन चढलं तेव्हा रोहिणीचा फोन वाजला. तिने उचलला, ऐकलं आणि फोन हाताने झाकला.

"चाचांचा आहे. विमानतळावरून. आत जायच्या आधी तुमच्याशी बोलायचं म्हणतात."

"सांग, मामा हितं न्हाईत."

"मामा..."

"त्याच्यासाठी इतके दिवस गप बसलीस. माझ्यासाठी एकदा बोल."

रोहिणीने फोन पुन्हा कानाला लावला. "चाचा, मामा इथं नाहीत," ती म्हणाली. नंतर ती बराच वेळ ऐकत राहिली, मधे एकदा "हो" म्हणाली. फोन खाली घेऊन तिने काही सांगायला तोंड उघडलं, तेव्हा राधाकिशनने हात वर करून तिला थांबवलं आणि पाटी पुढच्या झाडाखाली ओढली.