स्तंभाच्या बाजूनं

ब्लाझेना कुतिल्कोव्हानं चिठ्ठी उलगडली, वाचली आणि सगळ्यांना दिसेल अशी टेबलाच्या मधोमध ठेवली. चिठ्ठीवर एकच शब्द होता: उभारावा.

‘हरीण’ खानावळीच्या मागच्या दालनात असा काही हशा पिकला की पुढे बिअर भरणारा मालक काय झालं ते बघायला आत डोकावला.

हसण्यासारखंच होतं ते. झालेस्नित्सेच्या चौकात पूर्वी मारियामातेचा एक उंच दगडी स्तंभ होता. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी सम्राटाचं राज्य कोसळलं त्या वर्षी गावातल्या लोकांनी दोर बांधून तो खाली पाडला आणि दोर ओढणाऱ्यांत सगळ्यात पुढे होते ते ब्लाझेनाचे आजोबा. प्रोटेस्टंट मंडळीत, म्हणजे त्या पंथाच्या चर्चमध्ये, ब्लाझेनाच्या कुतिलेक घराण्याला जो मान होता तो त्या दोरामुळे. आता कम्युनिस्टही गेले होते, कॅथलिकांनी स्तंभ पुन्हा उभारण्याची मागणी पालिकेत केली होती, आणि त्याच प्रश्नावर वादमंडळाची पुढची सभा ठरली होती. म्हणजे ब्लाझेनाला आता आजोबांच्या विरुद्ध बोलायचं होतं.

दुसरी चिठ्ठी उघडली वेंदेलीन रोउस खाटकानं. तिच्यावर होतं: उभारू नये. वेंदेलीन कॅथलिक, रविवार न चुकवणारा. त्याची म्हातारी मावशी अजून रोज त्या स्तंभाच्या तुकड्यांपुढे मेणबत्ती लावायची.

“मास्तर,” वेंदेलीन म्हणाला, “ही चिठ्ठी घेऊन मी घरी गेलो तर बायको मला दुकानातल्या आकड्याला टांगेल.”

“मग टांगलेल्या अवस्थेत बोल,” व्होस्त्री मास्तर म्हणाले. “चिठ्ठी बदलून मिळत नाही.”

हे वादमंडळ मास्तरांनीच काढलेलं. आयुष्यभर शाळेत त्यांनी इतिहास वरून, सरकारकडून आला तसा शिकवला होता. निवृत्त झाल्यावर बघतात तर गावात जो तो आपापली बाजू छातीठोकपणे ओरडत होता आणि दुसऱ्याचं कुणी ऐकत नव्हतं. म्हणून त्यांनी नियम केला: चिठ्ठीत येईल ती बाजू घ्यायची आणि जीव तोडून मांडायची. गावात कुणी विद्वान नव्हतं. टपालवाला, दोन शिक्षिका, खाटीक, औषधाच्या दुकानातली ब्लाझेना. पण धर्मयुद्धं आणि सम्राट आणि पाद्री यांच्यावर ही माणसं अशी तुटून पडत की बिअर कोमट व्हायची.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडत नाही तोच ब्लाझेनाचा थोरला भाऊ समुएल दारात हजर. तो मंडळीचा कारभार बघणाऱ्या ‘वडिलां’पैकी एक होता, आणि बायबलच्या भाषेत वडील असलेला माणूस घरातही वडीलच असतो अशी त्याची समजूत होती.

“तू नाही म्हणून सांग,” तो म्हणाला.

“चिठ्ठी मी काढली.”

“मग आजारी पड.”

“औषधाच्या दुकानात उभा राहून मला आजारी पडायला सांगतोस होय रे?”

समुएल हसला नाही. शांतपणे, हात गल्ल्याच्या फळीवर टेकवून त्यानं तिला सगळं पुन्हा सांगितलं, जणू तिला ते माहीतच नव्हतं. पांढऱ्या टेकडीवरच्या लढाईत कॅथलिक सम्राट जिंकल्यानंतर आपल्या लोकांना एकतर धर्म सोडा नाहीतर देश सोडा असं कसं सांगितलं गेलं. कुतिलेकांनी दोन्ही सोडलं नाही आणि पाच-सहा पिढ्या बायबल मधमाश्यांच्या पेटीत कसं लपवलं. कॅथलिकांचे जेझुइट पाद्री घरोघर फिरून पुस्तकं जाळत होते तेव्हा एका कुतिलेक बाईला दफनभूमीच्या कुंपणाबाहेर कसं पुरलं. आणि त्या सगळ्यावर विजयाचा खुंटा म्हणून तो स्तंभ. आजोबांनी तो उपटला.

“मला हे सगळं पाठ आहे,” ब्लाझेना म्हणाली. “आता मला दुसरं पाठ करायचंय. सरक, गिऱ्हाईक आलंय.”

तोपर्यंत तिच्या मनात नुसता हट्ट होता, हे तिनं नंतर स्वतःच कबूल केलं. नाही म्हण असं कुणी सांगितलं की तिचे कान लहानपणापासून गरम व्हायचे. स्तंभाशी तिला काही देणंघेणं नव्हतं. पण बोलायचं तर वस्तू बघायला हवी म्हणून शनिवारी दुपारी ती पालिकेच्या गोदामात गेली. बर्फ ढकलणाऱ्या गाड्यांच्या पलीकडे, पत्र्याच्या शेडखाली ते तुकडे पडले होते. मारियामातेचं डोकं नव्हतं. पायथ्याचा चौथरा मात्र शाबूत होता आणि त्यावर सम्राटाचा दुतोंडी गरुड कोरलेला होता, चोची उघड्या. तो बघून ब्लाझेनाला खरोखरच मळमळलं. याच्या बाजूनं बोलायचं?

तिथंच वेंदेलीनची मावशी आपोलेना उलट्या बादलीवर बसली होती. समोर मेणबत्ती.

“तू कुतिलेकाची नात ना गं?” म्हातारी म्हणाली. “दोरवाल्याची.”

“हो.”

“बघायला आलीस की हसायला?”

“बघायला.”

म्हातारीनं तिला बसायला दुसरी बादली दाखवली. मग सांगायला लागली. तेव्हा ती लहान होती. तिचे वडील आघाडीवर बेपत्ता झाले होते. जिवंत की मेले ते सरकार सांगत नव्हतं, म्हणून आई रोज चौकात जाऊन त्या दगडी बाईला विचारायची. दुसरं विचारायला कुणी नव्हतंच. माणसं दोर घेऊन आली तेव्हा आईनं स्तंभाला मिठी मारली.

“तुझ्या आजोबानं तिचे हात सोडवले,” आपोलेना म्हणाली. “मारलं नाही हं. उगाच खोटं कशाला बोलू? एकेक बोट सोडवलं त्यानं. माझी आई त्याला म्हणत होती, थांब रे, मला अजून सांगितलं नाही तिनं. आणि तो म्हणत होता, बाई, तुम्ही आता स्वतंत्र आहात.”

ब्लाझेना घरी आली आणि तिनं आदल्या रात्री लिहून काढलेलं भाषण चुलीत टाकलं.

सभेच्या गुरुवारी ‘हरीण’मध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला कॅथलिक, एका बाजूला प्रोटेस्टंट, आणि खिडकीजवळ ज्यांना देवाशी काही कर्तव्य नाही पण भांडण चुकवायचं नाही अशी मंडळी. समुएल पहिल्या रांगेत बसला होता, कोट न काढता.

वेंदेलीन आधी बोलला. सुरुवातीला तो अडखळत होता, घाम पुसत होता. पण मग त्यानं त्या लोकांचं सांगायला घेतलं जे मुलांना पाठीवर बांधून डोंगर ओलांडून प्रोटेस्टंटांच्या सॅक्सनीत गेले आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना पुन्हा कधी दिसले नाहीत. ज्यांच्या घरात शिपाई ठेवले गेले, घरातलं धान्य संपेपर्यंत. ज्यांनी मुलांना कुजबुजत प्रार्थना शिकवल्या, आणि ज्यांच्या मुलांनी मोठं झाल्यावरही कधी मोठ्यानं प्रार्थना केली नाही, कारण त्यांना वाटलं की ती कुजबुजायचीच असते. दगडावर जिंकणाऱ्याचा गरुड कोरला असेल, तो म्हणाला, तर तो दगड हरलेल्याच्या दारात ठेवू नये. मी खाटीक आहे, पण सुरी बकऱ्याला दाखवून धार लावत नाही.

टर उडवायला आलेले प्रोटेस्टंट डोळे पुसत होते. वेंदेलीन खाली बसला, अख्खा पेला एका दमात रिकामा केला आणि मावशी बसली होती त्या कोपऱ्याकडे बघायचं त्यानं कटाक्षानं टाळलं.

ब्लाझेना उठली. तिच्या हातात कागद नव्हता. तिनं रोगराईचं सांगितलं; स्तंभ उभारला तो लढाई जिंकली म्हणून नव्हे, साथ ओसरली म्हणून, आणि त्या साथीत मेलेल्यांत दोन्ही धर्मांचे लोक होते, हे सगळं तिनं थोडक्यात उरकलं. मग ती म्हणाली की आता मी आजोबांबद्दल बोलणार आहे.

समुएल उभा राहिला. “त्यांचं नाव इथं घ्यायचं नाही.”

“ते माझेही आजोबा आहेत, समुएल. खाली बस.”

तो बसला नाही. ती थांबलीही नाही. आपोलेनाच्या आईचं तिनं सांगितलं, जसं ऐकलं तसं, एकेक बोट.

“आपल्या पूर्वजांच्या हातातून बायबल हिसकावलं, त्याला आपण जुलूम म्हणतो,” ती म्हणाली. “त्या बाईच्या हातातून स्तंभ हिसकावला, त्याला आपण स्वातंत्र्य म्हणतो. दोन्हीला एकच शब्द वापरा. कुठलाही एक वापरा, की मी लगेच खाली बसते.”

ती उभीच राहिली.

खिडकीजवळच्या एकानं विचारलं, मग निदान तो गरुड तरी छिन्नीनं काढून टाकाल की नाही?

“नाही,” ब्लाझेना म्हणाली. “गरुडासकट उभारा. नकोसं खोडून काढलेला इतिहास आपण खूप वर्षं वाचला. मला तो गरुड बघून मळमळतं. मळमळू दे. रोज चौकातून जाताना मळमळू दे.”

मतं हात वर करून मोजली. ब्लाझेना हरली, आणि थोडक्यात नव्हे. प्रोटेस्टंटांनी एकजात वेंदेलीनला हात वर केले, आणि बऱ्याच कॅथलिकांनीही, कारण आपला माणूस इतकं सुंदर बोलतो हे त्यांना त्या दिवशीच कळलं होतं. आपोलेनानं हात वर केला नाही, ना इकडे ना तिकडे.

कोट घालताना वेंदेलीन ब्लाझेनाजवळ आला. “बाई, मी जिंकलो. आता घरी कुठल्या दारानं जाऊ?”

“पुढच्या,” ती म्हणाली. “मीही तशीच जाणारे.”

पुढल्या आठवड्यात मंडळीच्या वडिलांनी तिला बोलावलं. सभा प्रार्थनाघरामागच्या खोलीत होती, जिथं कॉफीचा आणि ओल्या छत्र्यांचा वास कायमचा मुरलेला होता. मंडळीचे पाळक तरुण होते, बिचारे सारखा चष्मा पुसत होते. त्यांनी सौम्यपणे सांगितलं की मंडळीत लोक दुखावले आहेत. ब्लाझेना वीस-बावीस वर्षं ऑर्गन वाजवते आहे, तिच्या श्रद्धेबद्दल कुणालाच शंका नाही. तिनं रविवारी उठून एवढंच सांगावं की तो एक खेळ होता, चिठ्ठीत आलं म्हणून बोलले, मनातलं नव्हतं. झालं. विषय संपला.

दार उघडं ठेवलं होतं त्यांनी, आणि ते भलेपणानंच ठेवलं होतं. हे तिला कळत होतं.

“चिठ्ठी आली नसती तर मी बोलले नसते,” ती म्हणाली. “हे खरं आहे. मी गोदामात गेलेच नसते. पण खेळ होता असं मी म्हणणार नाही. मी बोलले त्यातलं कुठलं वाक्य खोटं होतं ते दाखवा, तेवढं मी रविवारी परत घेते.”

एक वडील म्हणाले की प्रश्न खऱ्याखोट्याचा नाही.

“मग कशाचा आहे?”

“आपल्या माणसांचा,” ते म्हणाले.

“आपल्या त्या कुतिलेक बाईलाही हेच विचारलं होतं,” ब्लाझेना म्हणाली. “की बाई, एवढं एक वाक्य म्हण आणि घरी जा. ती म्हणाली नाही म्हणून तिला कुंपणाबाहेर पुरलं. तिची गोष्ट तुम्ही मला दर वर्षी रविवारच्या शाळेत सांगितलीत. आता मी शिकले तर तुम्हाला राग का येतो?”

ऑर्गन तिच्याकडून काढून घ्यायचं ठरलं. समुएलनं बाजूनं मत दिलं नाही, विरुद्धही दिलं नाही. तो टेबलाच्या लाकडाकडे बघत राहिला. नंतर बाहेर, फाटकाशी, तो तिच्या मागून आला.

“एकेक बोट,” तो म्हणाला. “असंच म्हणाली ती म्हातारी?”

“असंच.”

“आजोबांनी हे आपल्याला कधी सांगितलं नाही.”

“नाही.”

तो कॉलर वर करून दुसऱ्या रस्त्यानं निघून गेला. त्या रात्री ब्लाझेना रडली. ऑर्गनसाठी रडली, कारण तिच्या बोटांना दुसरं काही इतकं चांगलं येत नव्हतं.

पण रविवारी ती प्रार्थनेला गेली. मागे नव्हे, पहिल्या बाकावर जाऊन बसली, राखाडी टोपी घालून, ताठ. काही बायकांनी मान लववून ओळख दाखवली, काहींनी नजर फिरवली. ऑर्गनवर टपालवाल्याचा पुतण्या होता. तो भीतभीत वाजवत होता, प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबून पुढचा सूर शोधत होता, आणि स्तोत्र चिखलात फसलेल्या गाडीसारखं चाललं होतं.

ब्लाझेना उभी राहिली आणि तिनं स्तोत्र आपल्या गतीनं म्हणायला सुरुवात केली. मोठ्यानं. पहिलं कडवं ती एकटीच पुढे होती, मंडळी मागे, ऑर्गन त्याच्याही मागे. पाळकांनी चष्मा काढला. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर मंडळीच्या वडिलांच्या बाकावरून एक जाडाभरडा खर्जातला आवाज तिच्या बरोबरीला आला. समुएलला रेंगाळलेलं गाणं लहानपणापासून सहन होत नसे. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही, पुस्तकातच बघत होता. पण तिसऱ्या कडव्यापर्यंत अख्खी मंडळी त्या दोघांबरोबर होती, आणि वर ऑर्गनशी बसलेला पोरगा पायपट्ट्यांवर पाय ताणून त्यांना गाठायची पराकाष्ठा करत होता.