'आंबिया बहार'चा दुसरा खेळ

सौसरच्या प्रभाकर घागरेंनी तरुणपणी एकच सिनेमा काढला आणि गावाने त्यांना जन्माची अद्दल घडवली. संत्र्याच्या बागेवरचा 'आंबिया बहार', म्हणजे आंब्याच्या मोहराबरोबर संत्र्याला येणारा फुलोरा. नट म्हणून पांढुर्णा-सौसरचेच लोक उभे केलेले, त्यामुळे पहिल्या खेळाला ही गर्दी! पण जो तो स्वतःला बघायला आलेला. पडद्यावर आपलं थोबाड दिसलं की माणूस कृतार्थ होऊन चहाला निघे, न दिसलेला शिव्या देत निघे. शेवट पाहिला तो फक्त प्रभाकररावांनी. नागपूरचे समीक्षक विनोदराव यांनी लिहिलं, 'संत्रं पिकेपर्यंत प्रेक्षक सडतो.' प्रभाकरराव मुकाट्याने शाळेत चित्रकला शिकवू लागले.

पुढे कुठल्याशा परदेशी महोत्सवात त्याच सिनेमाला लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. लगेच विनोदरावांना त्यात 'संयमाचं महाकाव्य' दिसलं. सिनेमा तोच, विनोदरावही तेच. मधल्या काळात पिकले होते ते त्यांचे केस. इकडे सौसर धरून पांढुर्णा वेगळा जिल्हा झालेला. जिल्हा म्हटला की कलेक्टर लागतो, पाट्या लागतात, आणि एक भूषणही लागतं. सत्कार ठरला. प्रभाकररावांनी एकच अट घातली: शाल-नारळ नसलं तरी चालेल, सिनेमा पुरा दाखवा. आपल्या माणसांनी तो एकदा शेवटपर्यंत बघावा, एवढीच भूक उरली होती.

भाषणं संपली, मंगल कार्यालयाच्या खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला आणि सिनेमा सुरू झाला. संत्रामंडीचं दृश्य येताच किराणा दुकानवाल्या रजनीताई ताडकन उभ्या राहिल्या.

"थांबव, थांबव! ते पाहा, माहे बाबा!"

लॅपटॉपवरून सिनेमा चालवणाऱ्या अमितने चित्र थांबवलं. बाबा जाऊन वर्षं लोटली होती. पडद्यावर मात्र ते संत्रं सोलत हसत होते. मोबाइल निघाले, डोळे पुसले गेले. मग काय, सगळ्या सभागृहालाच सुचलं.

"अमितभाऊ, मांगं घे ना, लीलाबाई दिसून गेली वाट्टे!"

"अरे, सिनेमा पाहून राह्यले का फोटोंचा अल्बम?" प्रभाकरराव कडाडले. कोणी ढुंकून पाहिलं नाही. पहिल्या रांगेतले विनोदराव मात्र मान डोलावत शेजाऱ्याला सांगत होते, "प्रेक्षकांचा असा सहभाग मी फ्रान्समध्येही पाहिला नाही." फ्रान्सला ते कधी गेले होते, देव जाणे.

पण गंमत अशी, की जागचं कोणी हललं नाही. आपलं माणूस कुठल्या कोपऱ्यात दिसेल याचा नेम कुठे होता? माणसं डोळ्यांत तेल घालून एकेक चित्र बघत बसली. मागितलं होतं तेच मिळालं, आणि प्रभाकरराव संतापाने धुमसत होते. साऱ्या गावात सिनेमा बघणारा आपण एकटाच, असं त्यांना वाटत होतं.

शेवटी तोडणीचं दृश्य आलं. टोपल्या घेतलेल्या बायांच्या रांगेत एक बाई थबकली, पदर सावरून थेट पडद्याबाहेर बघत हसली. ती केसरबाई, त्यांची आई. 'कॅमेऱ्याकडे पाहू नको' म्हणून त्या दिवशी ते तिच्यावर सगळ्यांदेखत खेकसले होते. ती कॅमेऱ्याकडे पाहतच नव्हती. कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या आपल्या पोराकडे पाहत होती.

रांग पुढे सरकली. सिनेमा, समीक्षक, महोत्सव, सगळं विसरून प्रभाकरराव खुर्चीतून उठले.

"अमित, मांगं घे रे," ते म्हणाले. "माही माय होती थे."