चौदा हजार फुटांवरचं पित्त

सुमंतकाकांचं डोकं ठणकायला लागलं ते आदल्या संध्याकाळी. आता, आपल्या माणसाचं डोकं दुखलं आणि वर ओकारी झाली, की त्याला दुसरं काय झालेलं असणार? पित्त! काकांनी स्वतःच निदान केलं. घरून, फ्रिस्कोहून, पद्मजाकाकूंनी फोनवर शिक्कामोर्तब केलं, "त्यांचं पित्त जुनंच आहे गं. डब्यात मोरावळा दिलाय, दे त्यांना." आणि काकांबरोबर कामावर आलेल्या उल्कानं दोन चमचे मोरावळा दिला. तिघंही चांगली शिकलेली, बरं का!

कोलोरॅडोतल्या एका डोंगरमाथ्यावरच्या दुर्बिणीचा कूलिंग पंप बदलायला उल्का आणि काका आले होते. उंची चौदा हजार फूट. वाटेत नऊ हजार फुटांवर दोन रात्री थांबून हवेची सवय करायची, असा नियम होता. काका म्हणाले, "कशाला उगाच? रविवारी मंडळाच्या नाटकाची तालीम आहे. पटकन उरकू आणि पळू." उल्का नागपूरची, तीन वर्षांपूर्वी व्हिसावर आलेली. ही नोकरी काकांच्याच शब्दावर मिळालेली. त्यांना नाही म्हणायला तिची जीभ रेटली नाही.

सकाळी काका हातात पाना घेऊन पंपासमोर नुसतेच उभे होते.

"काका, काय झालं?"

"कुठला बोल्ट काढायचा गं?"

समोर चारच बोल्ट होते, आणि चारही काढायचे होते. तीस वर्षं असले पंप खोलणारा माणूस! ते दाराकडे वळले ते भिंत धरून, पाय कुठेही टाकत. दारूच्या थेंबालाही न शिवणारे काका दारुड्यासारखे झोकांड्या खात होते. पित्तानं ओकारी होते हो, पण पित्तानं बोल्ट विसरतं का कुणी?

मग तिला ट्रेनिंगचा व्हिडिओ आठवला, जो दोघांनी चहा पितापिता कसाबसा संपवला होता. आधी डोकेदुखी, ओकारी. मग तोल जातो, माणूस बरळतो. म्हणजे मेंदूला सूज. खाली नेलं नाही तर बेशुद्धी, आणि मग काही तासांत सगळं संपतं. आणि तिनं रात्रभर त्यांना "झोपा, उतरेल" म्हणून झोपवलं होतं! तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

तिनं वायरलेसवरून खालच्या चौकीला कळवलं. तिथली बाई म्हणाली, ॲम्ब्युलन्स वर पोचायला दीड तास लागेल, वाट बघू नकोस, ऑक्सिजन लाव आणि आत्ताच्या आत्ता खाली उतर, ॲम्ब्युलन्सवाले वाटेत भेटतील. मग विचारलं, "तुझं डोकं दुखतंय का?"

"नाही," उल्का म्हणाली. सकाळपासून दुखत होतं. पण गाडी चालवणारं दुसरं होतं कोण?

तो रस्ता म्हणजे नुसती नागमोडी वळणं, कठडा नाही, आणि उजवीकडे खोल दरी. प्रत्येक वळणाला तिला वाटे, मला दिसतंय ते खरंच तसं आहे ना? की माझंही डोकं फिरायला लागलंय? कळणार तरी कसं? काकांनाही कुठे कळलं होतं! तिची पाचावर धारण बसली होती.

काकांनी ऑक्सिजनचा मास्क ओढून काढला. "काम अर्धं टाकून जायचं नसतं. गाडी फिरव."

"गप बसा काका!" ती ओरडली. आयुष्यात वडीलधाऱ्या माणसावर ती पहिल्यांदाच अशी ओरडली. "मास्क लावा म्हणते ना!"

त्यांनी मुकाट्यानं लावला. मग मात्र ते बोलेचनात. "काका, मुलीचं नाव काय? काका, आज वार कुठला?" मान खिडकीवर कलंडलेली. उल्का रडत होती, देवाचं नाव घेत होती, आणि गाडी कडेला लावायची हिंमत करत नव्हती, कारण थांबलं की उंची कमी होत नाही, एवढं एकच तिला धड कळत होतं.

बारा हजार. अकरा. झाडं दिसायला लागली. दहा हजारांची पाटी मागे गेली, तेव्हा बाजूनं मास्कच्या आतून घोगरा आवाज आला.

"उल्का... अगं, दरीच्या बाजूला किती घेतेस! हळू चालव, मरायचंय का?"

तिनं स्टेअरिंग घट्ट धरलं. काकांचं खरंच होतं. उजवं चाक रस्त्याच्या बाहेरच्या खडीवरून चाललं होतं, आणि तिला ते मुळीच कळलं नव्हतं.

"तुम्ही बघत राहा काका," ती म्हणाली. "मी चुकले की सांगा. प्लीज, झोपू नका."

"डावीकडे घे," काका म्हणाले. तिनं घेतली.